दूध तापत ठेवलंय

१४ जून

बारके,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या भाऊजींच्या अक्षरात आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट न फोडताच परत पाठवलं असतंस. ते म्हणाले, "सख्ख्या बहिणीला पत्र लिहायला नवऱ्याचं अक्षर उसनं घ्यावं लागतं, असं काय करून ठेवलंयस?" मी म्हटलं, "पत्ता लिहा, चौकशी नको." लिहिला. तुझा पिनकोड दोनदा चुकवला.

फोनवर तू मला बंद केलंस त्याला आठ महिने झाले. लेकीच्या फोनवरून बोलता आलं असतं, पण तिला मध्ये घालणं बरं दिसत नाही. तशी ती मध्ये आहेच. तिच्याकडूनच कळलं की तू परत निघाली आहेस. वीस जुलै. तोच देश, तोच रस्ता, भाड्याची गाडी, आणि या खेपेला लॅबमधल्या तिघी बरोबर. लेक उत्साहाने सांगत होती, "मावशी एकटी पुढे बसून चालवणार, बाकीच्या तिघींना परवानाच नाही!" मी भांडी विसळत होते. एकच पेला चार वेळा विसळला.

मनगट कसं आहे? डावं आहे, म्हणजे तिथल्या गाडीत गिअरचा हात नाही, हे त्यातल्या त्यात बरं. पण चालवणाऱ्याचं दार त्याच बाजूला. दार हळू लाव. शिकवणीच्या सवयीने लिहिते आहे, रागावू नकोस.

माझं तसंच चाललंय. सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते सात, शिकवणीच्या गाडीत डाव्या सीटवर. सध्या पाच बायका आहेत. एकीला गाडी मागे घेताना डोळे मिटायची सवय आहे. म्हटलं, "अहो, डोळे का मिटता?" तर म्हणते, "मॅडम, आदळणारच असेल तर बघायचं कशाला?" अशा वेळी मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबते. माझ्या पायाशी तो दुसरा ब्रेक आहे म्हणून या बायका शिकतात आणि मी अजून धड आहे. एकवीस वर्षं झाली या सीटवर. आता उजवा गुडघा पायरीसुद्धा विचारून चढतो.

तू लेकीकडे निरोप दिलास की आपला नियमांचा कागद तुझ्याकडून हरवला, माझ्याकडचा हवाय. सोबत जोडलाय. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचायचं. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. दिवसातून दोनदा घरी ठावठिकाणा कळवायचा. कुठेही उतरलं तर एकीच्या हातात किल्ली, दुसरीच्या हातात फोन. खोली दाखवायला आलेल्या माणसासमोर "आम्ही दोघीच आहोत" म्हणायचं नाही. हे सगळं जसंच्या तसं ठेव, फक्त दोघीचं चौघी कर.

सहावा नियम मी पेनाने खोडलाय. तो वापरू नका. चौघी आहात, त्याची गरज पडणार नाही.

ताई


२४ जून

बारके,

तुझं उत्तर मिळालं, म्हणजे लेकीच्या फोनवर आलं. "तुझ्या आईला विचार, सहावा का खोडला." एवढंच. पाकीट फोडलंस तर. मी लेकीला तो निरोप तीनदा वाचायला लावला. ती म्हणाली, "आई, सहा शब्द आहेत. तीनदा वाचून सात होणार नाहीत."

सहावा नियम आपल्या आईचा. तो कागदावर घालायचं तुझ्या डोक्यातून आलं होतं. पाहुणे म्हणून कुणाकडे गेलो आणि आईला तिथलं काही खटकलं, की ती पदर सावरून म्हणायची, "चला गं, दूध तापत ठेवलंय." आपण दोघी उठायचो, चपला घालायचो, बाहेर पडायचो. घरी दूध कधीच तापत नसायचं. आपण विचारायचो नाही. त्या लांबच्या मामांच्या घरातून उठवलं तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, हातातला लाडका खेळ टाकून उठलीस, आणि रस्त्यात रडलीस, पण का निघालो हे विचारलं नाहीस. का निघालो ते आपल्याला कळायला पुढे पंधरा वर्षं लागली.

कागद टाइप करत होते तेव्हा तुझे भाऊजी हसले होते, आठवतं? "परक्या देशात तुम्ही मराठीत खुशाल 'पळ' म्हणा, कुणाच्या बापाला कळणार आहे? सांकेतिक शब्द कशाला?" आणि तू म्हणालीस, "भाऊजी, शब्द लपवायचा नाहीये, वाद टाळायचाय. 'पळ' म्हटलं की ताई विचारणार, का? दूध म्हटलं की विचारायचं नाही, हे आईनं शिकवलंय." मग नियम तूच सांगितलास आणि मी टाइप केला. दोघींपैकी एकीने म्हटलं की दुसरीने उठायचं, गाडीत बसायचं, आणि दहा किलोमीटर जाईपर्यंत 'का' विचारायचं नाही.

आपण तो शब्द दोनदा वापरला. नवव्या दिवशी त्या एकट्या पेट्रोल पंपावर मी. अकराव्या दिवशी त्या थांब्यावर तू. मी म्हटलं तेव्हा तू विचारलं नाहीस. तू म्हटलंस तेव्हा मी विचारलं.

त्या दिवशी वारा होता. मी बाकावर बसून सफरचंद कापत होते, पाठ दुखत होती, दुपारचे चारच वाजले होते आणि लख्ख ऊन होतं. ती व्हॅन आली, दोघं उतरले, एकजण नकाशा घेऊन तुझ्याशी बोलायला लागला. मला वाटलं, रस्ता विचारतायत. तू गाडीच्या दारात उभी होतीस. तू म्हणालीस, "ताई, दूध तापत ठेवलंय." मी म्हटलं, "आता कसलं दूध? बस की जरा." तू परत म्हणालीस. मी म्हटलं, "अगं पण झालं काय?" तेवढ्यात दुसरा तुझ्या बाजूने आला. पर्स ओढली, तू दार ओढलंस, त्याने दार ढकललं, आणि मध्ये तुझा हात. ते म्हातारं जोडपं त्यांची गाडी घेऊन तिथे वळलं नसतं तर पुढचं मी लिहीत नाही.

इस्पितळाच्या त्या लांब हिरव्या बाकावर तू मला एकच वाक्य बोललीस. "तू विचारलंस." त्यानंतर प्लास्टर, विमान, घर, आणि काही नाही.

म्हणून खोडला. माझ्यासारखी एखादी विचारणारी निघाली तर असा नियम असण्यापेक्षा नसलेला बरा. आणि खरं सांगू का, आईसुद्धा प्रत्येक वेळी काही खटकलं म्हणूनच उठत असेल असं नाही. माणूस कंटाळतो. कधी नुसती कंटाळूनही म्हणाली असेल.

तिघींना गाडी शिकायला सांग. एकटीने रोज तीनशे किलोमीटर ओढू नकोस.

ताई


२ जुलै

बारके,

आज दुपारी लेक आली होती. तिने तुझ्या त्या बायकांच्या गटातलं वाचून दाखवलं. परदेशात स्वतः गाडी चालवणाऱ्या सव्वाचारशे बायका, आणि त्यांच्यासाठी तू केलेली यादी: कुठे थांबावं, कुठे थांबू नये. मला कौतुक वाटलं. चोवीस वर्षं रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावलीस, हात बसलाय तुझा. प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, कुणी पाहिलं ते.

त्यात तो पंप आहे. "येथे थांबू नये. पंपचालक पाहुण्यांना आतल्या खोलीत बोलावतो आणि मागच्या दाराला कडी लावतो. माझ्या बहिणीने स्वतः पाहिले आहे."

त्याच्या खाली एका निवृत्त शिक्षिकेने लिहिलंय. ती आणि तिची जाऊ. मे महिन्यात तिथून गेल्या. यादी वाचली होती म्हणून पंपाकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ पुढे. पुढचा पंप एकशे नव्वद किलोमीटरवर. वाटेत पेट्रोल संपलं. रस्त्याच्या कडेला तीन तास. फोनला रेंज नाही, जाऊला साखरेचा त्रास, जवळचं पाणी संपलेलं. शेवटी एका ट्रकवाल्याने डबाभर पेट्रोल दिलं. तिने लिहिलंय, "तीन तास भीती वाटली, पण त्या पंपावर थांबलो असतो तर काय झालं असतं, या विचाराने जास्त वाटली. यादीचे आभार." खाली एकसष्ट जणींनी हात जोडलेत.

लेक म्हणाली, "बघ, मावशीच्या यादीने वाचवलं त्यांना." मी चहा गाळत होते. म्हटलं, "हो."

मी काय म्हणते, ती नोंद जरा सौम्य करता येईल का? मी कडी म्हणाले खरी, पण मी बसले होते तिथून ते दार तिरकं दिसत होतं. कदाचित तो नुसतं लोटत असेल. आठ महिने झाले, माणसाला नेमकं कुठे आठवतं? "थांबू नये" ऐवजी "सावध राहावे" एवढं पुरेल. म्हणजे पेट्रोल तरी भरतील. तुम्ही चौघीही त्याच रस्त्याने जाणार. तू तुझीच नोंद वाचून तिथे थांबणार नाहीस, हे मला माहीत आहे.

ताई


३ जुलै

बारके,

कालचं पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशीच उभी राहिले. पोस्टमन आला असता तर परत मागितलं असतं. आला नाही. ते तुला मिळेल. त्यातलं "कदाचित" खोटं आहे. "तिरकं" खोटं आहे. तो कडी लावत नव्हता. मी काही पाहिलं नाही. पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं.

मी आता नीट सांगते. मध्ये थांबले तर परत "कदाचित" लिहीन.

नववा दिवस होता. सकाळी टायर बसला, तू स्टेपनी लावलीस आणि आपण हळूहळू त्या पंपापर्यंत आलो. पंपवाला पन्नाशीचा, हातभर काळा ग्रीस, एक शब्द आपल्याला कळेल असा बोलत नव्हता. त्याने तुझी स्टेपनी बघितली आणि हसला. तू नट हाताने आवळले होतेस. त्याने पाना लावला आणि खुणेने सांगितलं, हात नको, पाय ठेव, वजन टाक. तू पाय ठेवलास आणि पान्यावर चढून उभी राहिलीस. पाना कुरकुरत फिरला आणि तू हसलीस. बारके, आई अंथरुणाला खिळली त्यानंतर तू तशी हसली नव्हतीस. अकरा वर्षं मी ते हसू बघितलं नव्हतं. एका नटाने काढलं.

मग आतली खोली. त्याची आई खिडकीशी बसून मोजे विणत होती. टेबलावर मेणकापड, कडेला जळकं भोक. चार वेगवेगळे कप. मागचं दार सताड उघडं होतं, ऑइलचा रिकामा डबा अडकवून ठेवलेलं. वारा आत येत होता. मी खांदे आवळले तर म्हातारीने उठून स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकली आणि माझ्या गालावर हात फिरवला, जशी काही मीच तिची हरवलेली कुणी. तो म्हातारीला काही म्हणाला, ती त्याला ओरडली. तू म्हणालीस, "ताई, भाषा कळत नाही पण हा ओरडा कळतो. 'हात धुऊन ये' म्हणते आहे." तो खरंच हात धुऊन आला. आपण सगळे हसलो. मीही हसले.

मग त्याने नकाशा पसरला आणि डोंगरापलीकडचं तळं दाखवलं. मागे एक खोली आहे, दोन दिवस राहा, अशी खूण केली. म्हातारीने मान डोलावली. तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "राहूया ना गं ताई." मी म्हटलं, "माझी पाठ गेलीय. मला हे सगळं संपवून घरी जायचंय." तू नकाशावरून मान न उचलता म्हणालीस, "मग तू बसने विमानतळ गाठ ना. इथून पुढे मी एकटीनेही करेन. येतं मला आता."

तू टोमणा मारत नव्हतीस. तुला खरंच येत होतं. नऊ दिवस मी तुझ्या शेजारी बसून जिथे ब्रेक नाही तिथे पाय दाबत होते, आणि तू एकदाही चुकली नव्हतीस. सगळ्यांना सांगून आले होते, धाकटीला एकटीला कशी सोडू. तुझ्या भाऊजींना, लेकीला, शिकवणीतल्या बायकांना. आणि त्या मेणकापडाच्या टेबलाशी मला दिसलं की मी नसले तरी चालतं. माझ्या अंगावर परक्या म्हातारीची शाल होती आणि मी म्हणाले, "चल गं, दूध तापत ठेवलंय."

तुझा चेहरा क्षणात उतरला. तू काही विचारलं नाहीस. कप खाली ठेवलास, उठलीस, किल्ली घेतलीस. म्हातारी शाल परत घेत नव्हती, मी ती खुर्चीवर टाकली. पंपवाला दारात उभा राहून बघत होता. त्याला काही कळलं नाही. तू गाडी अशी काढलीस की मी तुला शिकवलेलं सगळं त्यात होतं, आरसा, गिअर, वेग. दहा किलोमीटर झाल्यावर दगडापाशी गाडी थांबवलीस, माझा हात धरलास आणि विचारलंस, "ताई, काय बघितलंस?"

तेव्हाच "कंटाळले होते" म्हटलं असतं तर तू दोन शिव्या घातल्या असत्यास, गाडी वळवली असतीस, आणि आज हे पत्र नसतं. पण माझ्या हातावरचा तुझा हात बघून मला लाज वाटली, आणि लाज लपवायला मी कडी लावली. ती कडी त्याने लावली नाही बारके, मी लावली. तू माझ्या हातावर हात ठेवून म्हणालीस, "बरं झालं तू होतीस." रात्री खोलीवर तू ती नोंद लिहिलीस आणि मला वाचून दाखवलीस. "'स्वतः पाहिले' असं घालू ना?" मी म्हटलं, घाल.

आणि दोन दिवसांनी त्या थांब्यावर तू म्हटलंस, तेव्हा वारा नव्हता, मागे लिहिला तो खोटा. मला स्वच्छ ऐकू आलं. मी का विचारलं, ते ऐक. मला वाटलं, तुलाही नुसतं निघायचं असेल. त्या शब्दामागे काही नसलं तरी माणूस तो म्हणू शकतो, हे तुला माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं, कारण मीच तसं केलं होतं. तुझं मनगट त्या माणसाने मोडलं हे खरं. पण तो आणि तू यांच्या मध्ये जे दहा सेकंद होते, ते मी खाल्ले.

आईबद्दल मागे लिहिलं तेही काढून टाक. ती कंटाळून कधी उठली नाही. कंटाळली की तोंडावर सांगायची, "पुरे झाल्या गप्पा, मी निघते." माझं पाप मी तिच्या पदराला पुसत होते.

सहावा नियम परत लिही. मी तो तुमच्यासाठी खोडला नव्हता, मला तो कागदावर बघवत नव्हता. चौघींना पहिल्याच दिवशी बसवून सांग. म्हटलं की उठायचं, विचारायचं नाही. आणि त्याखाली सातवा घाल. कंटाळा आला तर कंटाळा आला म्हणायचं. दमलो तर दमलो. घरी जायचं असेल तर घरी जायचंय. त्यासाठी वेगळा शब्द लागत नाही.

त्या पंपावरची नोंद काढ. उद्या काढ. तू माझ्याशी बोलावंस म्हणून हे लिहीत नाही. बोलू नकोस. पण ती नोंद वाचून आणखी कुणी पुढे जाईल, आणि प्रत्येक वेळी ट्रकवाला यायचा नाही.

ताई


१५ जुलै

बारके,

लेकीकडून निरोप आला. "पत्र मिळालं म्हणावं." मी विचारलं, आवाज कसा होता? ती म्हणाली, "आई, टाइप केलं होतं." मग म्हणाली, "तुमच्या दोघींचं काय झालंय ते मला कधी सांगणार?" मी सांगितलं. सगळं, कडीसकट. तिने टेबलावरचे कप उचलून ठेवले. मग म्हणाली, "त्या शिक्षिकाबाईंना पाणी संपल्यावर कसं वाटलं असेल गं." माझ्याबद्दल काही म्हणाली नाही. जाताना दार हळू ओढून घेतलं. त्यापेक्षा आपटलं असतं तरी चाललं असतं. तुझ्या भाऊजींनाही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "मला वाटत होतं, तू एवढी दमून कशाने आलीस."

परवा लेकीने तिच्या फोनवर तुझी नवी नोंद दाखवली. मी चष्मा लावून वाचली.

"या पंपाबद्दलची आधीची नोंद चुकीची होती. पंपचालक भला माणूस आहे. त्याची आई बरोबर असते. पुढे एकशे नव्वद किलोमीटर पंप नाही, टाकी इथेच भरावी. आधीच्या नोंदीमुळे ज्यांना त्रास झाला त्यांची क्षमा मागते. चूक आमची होती."

चांगली लिहिली आहेस. एक शब्द जास्त नाही, आणि त्या शिक्षिकाबाईंना वेगळं लिहिलंस तेही लेकीने सांगितलं.

पण ते शेवटचं. "आमची." मी लेकीला म्हटलं, फोन जरा इथेच राहू दे. ती म्हणाली, "काय बघतेस एवढं?" काय सांगू? नऊ महिने होत आले, तुझ्या तोंडून माझ्यासाठी 'तुझी आई' आलं, 'तिला' आलं, 'म्हणावं' आलं. आणि सव्वाचारशे परक्या बायकांसमोर तू 'आमची' लिहिलंस. आपण दोघी एका शब्दात बसलो. तू विचार करून लिहिलंस की हाताने आपोआप लिहिलं गेलं, मला माहीत नाही. मी विचारणार नाही.

दोन दिवस मी तो शब्द घेऊन वावरले. शिकवणीच्या गाडीत ती डोळे मिटणारी बाई म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही ओरडत नाही आहात." काल तिने पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून गाडी मागे घेतली. खांबापासून हातभर लांब थांबवली. म्हणाली, "दिसलं की थांबता येतं हो!" तिच्यापेक्षा मीच जास्त वेळ त्या खांबाकडे बघत बसले.

मग आज सकाळी लेकीला बोलावलं आणि म्हटलं, मला त्या गटात घे. कसं लिहायचं ते दाखव. तिने दाखवलं. तुझ्या नोंदीच्या खाली मी लिहिलंय. तू निघायच्या आधी वाचशील, पण तिथे वाचण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून इथे उतरवते.

"ही चूक आमची नव्हती, माझी एकटीची होती. त्या पंपावर कडी कुणी लावली नाही. मला तिथून निघायचं होतं, म्हणून मी धोका असल्याचं खोटं सांगितलं. माझ्या बहिणीने माझ्यावर विश्वास ठेवला आणि ते इथे लिहिलं. विश्वास ठेवणं ही तिची चूक नाही. धोका नसताना धोका सांगितला की खऱ्या धोक्याला कुणी उठत नाही. आमच्या बाबतीत तेच झालं, आणि मनगट तिचं मोडलं. मोठी बहीण."

लिहिताना "आमच्या बाबतीत" आलंच. ते खरं आहे म्हणून ठेवलं.

अजून कुणी काही लिहिलेलं नाही. लिहितील. लिहू देत.

तुझ्या नोंदीतलं शेवटचं वाक्य मला खोडता येत नाही, लेक म्हणते तो अधिकार यादी करणारीचाच. तेव्हा निघण्याआधी वेळ काढून तेवढं तू खोड. तू तो शब्द कशासाठी लिहिलास ते मला कळलंय असं मी धरून चालते, आणि तरीही सांगते, खोड. यादीत खोटं नको. दोन दिवस तो माझ्याकडे होता.

ताई